जेपेग फोटो नेमका कुठे बिघडतो

४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. गुणाकार केला तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात, म्हणजे ३६ एमबी. फोनमध्ये मात्र असा फोटो तीन-चार एमबीत मावलेला दिसतो. मधल्या ३२ एमबीचं काय झालं हे एकदा समजून घेतलं, की फोटो कशाने खराब होतो आणि कशाने होत नाही हे हिशेबाने सांगता येतं. त्यासाठी अंदाज बांधत बसावं लागत नाही.

फाइल लहान करण्याचे मार्ग दोनच. एक घडी घालण्याचा: तीच माहिती कमी जागेत लिहायची, उलगडली की सगळं जसंच्या तसं परत. झिप फाइल आणि पीएनजी हे काम करतात. दुसरा मार्ग टाकून देण्याचा: डोळ्याला जे फारसं जाणवत नाही ते काढून टाकायचं, ते पुन्हा मिळत नाही. जेपेग दोन्ही करतो. आधी टाकतो, मग उरलेल्याची घडी घालतो. १९८६ साली तज्ज्ञांचा एक गट बसला, १९९२ साली त्याचं मानक प्रसिद्ध झालं, आणि त्या गटाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच जेपेग. तीस वर्षांहून अधिक काळ हीच पद्धत चालू आहे, त्यामुळे तिचे गुणदोष अगदी आकड्यांसकट माहीत आहेत.

पहिली टाकाटाक: रंग

लाल-हिरवा-निळा हे आकडे जेपेग तसेच ठेवत नाही. त्यांच्यापासून तो एक उजेडाचा आकडा आणि दोन रंगाचे आकडे काढतो. उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० टक्के आणि निळ्याचा ११ टक्के. डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून बहुतेक फोन आणि प्रोग्रॅम उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांना मिळून एकच. चार ठिपक्यांचे १२ आकडे होते, ते ६ झाले. एवढ्यातच निम्मी माहिती गेली, आणि झाडं, चेहरे, डोंगर यांत ती गेल्याचं सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षात येतं ते लाल अक्षरांत. काळ्या पार्श्वभूमीवरच्या शुद्ध लाल अक्षराचा उजेड २५५ पैकी फक्त ७६ असतो, निळ्याचा तर २९. म्हणजे त्या अक्षराची कड दाखवायचं बरंचसं काम रंगाच्या आकड्यांवर पडतं आणि नेमके तेच आपण चारास एक केलेले असतात. कड फिसकटते, लाल रंग शेजारी ओघळल्यासारखा दिसतो. पोस्टर, लोगो, लाल शिक्का असलेला कागद, यांचं जेपेग करताना ‘४:४:४’ हा पर्याय मिळत असेल तर तो निवडा. त्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग राखला जातो. नेहमीचा, चारास एक वाला प्रकार ‘४:२:०’ या नावाने असतो. काही प्रोग्रॅम ९० किंवा त्यापुढची क्वालिटी (सेव्ह करताना निवडायचा, सहसा १०० पर्यंतचा आकडा) ठेवली की आपणहून ४:४:४ वर जातात.

दुसरी टाकाटाक: भागाकार

खरा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे ठोकळे पाडतो. एका ठोकळ्यात ६४ ठिपके. हे ६४ आकडे थेट न लिहिता तो विचारतो: हा ठोकळा ६४ ठरावीक नक्ष्या मिसळून बनवायचा तर कोणती नक्षी किती घ्यावी लागेल? पहिली नक्षी पूर्ण सपाट. पुढे एक रुंद उतार, मग रुंद पट्टे, मग बारीक पट्टे, आणि शेवटची बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक चौकड्यांची. हे मोजण्याच्या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात; नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केलं. या पायरीवर अजून काहीही टाकलेलं नाही. ६४ आकड्यांचे दुसरे ६४ आकडे झाले, एवढंच.

आता प्रत्येक आकड्याला एकेका ठरलेल्या भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात आणतात. ६४ नक्ष्यांना ६४ भाजक, आणि त्यांचं कोष्टक फाइलमध्येच लिहिलेलं असतं. मानकात नमुन्यादाखल जे कोष्टक दिलं आहे त्यात सपाट नक्षीचा भाजक १६ आहे, तर सगळ्यात बारीक नक्षीचा ९९. माणसाच्या नजरेवर केलेल्या प्रयोगांतून हे आकडे आले आहेत. बारीक नक्षीतली चूक डोळ्याला कमी बोचते, म्हणून तिचा भाजक मोठा.

निरभ्र आकाशातला एक ठोकळा घ्या, ज्यात ६४ही ठिपक्यांचा उजेड २०० आहे. आधी प्रत्येकातून १२८ वजा होतात, उरतात ७२. सपाट नक्षीचा आकडा याच्या आठपट निघतो, ५७६. बाकीच्या ६३ नक्ष्यांचे आकडे शून्य. ५७६ ला १६ ने भागलं, ३६ आले. फाइलमध्ये ३६ लिहिले आणि पुढे सगळी शून्यं. उघडताना उलटा प्रवास: ३६ गुणिले १६ म्हणजे ५७६, भागिले ८ म्हणजे ७२, अधिक १२८ म्हणजे २००. ६४ आकड्यांचं काम एका आकड्यात झालं आणि नुकसान शून्य.

उजेड २०१ असता तर? ७३ गुणिले ८ म्हणजे ५८४, भागिले १६ म्हणजे ३६.५, पूर्णांकात ३७. परत येताना ३७ गुणिले १६ म्हणजे ५९२, त्यातून ७४, आणि शेवटी २०२. एका घराची चूक झाली, जी कुणालाही दिसणार नाही.

मानकातलं हे कोष्टक म्हणजे क्वालिटी ५०. आता हेच क्वालिटी १० वर करा. तिथे सपाट नक्षीचा भाजक १६ चा पाचपट, ८० होतो. ८० भागिले ८ म्हणजे १०, त्यामुळे सपाट ठोकळ्याचा उजेड दहादहाच्या पायऱ्यांनीच लिहिता येतो: १७८, १८८, १९८. जे आकाश १८० पासून २०० पर्यंत हळूहळू उजळत जात होतं, ते आता तीन पायऱ्यांत उतरलं, आणि पायरी जिथे बदलते तिथे ठोकळ्यांच्या कडा उघड्या पडल्या. आकाशात आणि गुळगुळीत भिंतीवर दिसणारे चौकोन ते हेच. त्यांना फोनच्या लेन्सचा दोष समजू नये.

बारीक तपशिलाचं उलट होतं. केसांच्या किंवा गवताच्या ठोकळ्यात सगळ्यात बारीक नक्षीचा आकडा समजा ४० आहे. क्वालिटी ५० ला भाजक ९९, उत्तर ०.४, पूर्णांकात शून्य. ती नक्षी कायमची गेली. ७५ ला भाजक ५०, उत्तर ०.८, म्हणजे १, आणि परत येताना ५०. नक्षी राहिली पण थोडी भडक झाली. ९० ला भाजक २०, उत्तर बरोबर २, परत येताना ४०. तपशील वाचला. क्वालिटीचा आकडा कमी केला की केस आधी लगदा होतात आणि आकाश नंतर फुटतं, त्याचं कारण या दोन हिशेबांत आहे.

यानंतर ६४ आकडे कोपऱ्यापासून नागमोडी क्रमाने वाचतात, म्हणजे शून्यं शेवटी एकत्र गोळा होतात. ‘इथून पुढे सगळी शून्यं’ अशी एकच खूण पुरते. मग डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेल्या पद्धतीने वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे संकेत देतात. ही शुद्ध घडी आहे, इथे काही हरवत नाही.

क्वालिटीच्या आकड्याचा अर्थ

८० म्हणजे ८० टक्के दर्जा राहिला, असा अर्थ काढू नका. तो आकडा फक्त भाजकांचं कोष्टक किती ताणायचं किंवा आवळायचं हे सांगतो. लिबजेपेग या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम आतून वापरतात तो तयार कोड) ५० म्हणजे मानकातलं कोष्टक जसंच्या तसं. ७५ ला सपाट नक्षीचा भाजक ८, ९० ला ३, ९५ ला २ आणि १०० ला १. भाजक १ असला तरी पूर्णांकात आणणं चुकत नाही, म्हणून १०० सुद्धा पूर्ण बिनतोट्याचं नसतं. मात्र ९५ वरून १०० वर गेलं की फाइल बरीच फुगते आणि डोळ्याला त्या बदल्यात काही मिळत नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असू शकते. फोटोशॉपची जुनी पट्टी तर ० ते १२ आहे. एका प्रोग्रॅममधले ८० आणि दुसऱ्यातले ८० यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आमचं मत विचाराल तर जपून ठेवायच्या फोटोला ९० ते ९५, वेबपानावर टाकायच्या फोटोला ७५ ते ८५. त्याखाली जायची वेळ आली तर क्वालिटी उतरवण्याआधी पिक्सेल कमी करा. का, ते पुढे येतंच आहे.

रात्रीच्या फोटोंना हा नियम जरा अवघड जातो. कमी उजेडात सेन्सरमधून आलेला दाणेदारपणा प्रत्येक ठोकळ्यात सगळ्या नक्ष्या थोड्याथोड्या घुसवतो. शून्यं कमी होतात, घडी नीट बसत नाही. त्याच क्वालिटीला रात्रीची फाइल मोठी होते, किंवा त्याच केबीत बसवायला गेलं तर चेहऱ्यावर डाग पडतात. आधी दाणे हलकेच कमी करणारा फिल्टर लावा आणि मग सेव्ह करा. फरक लगेच कळेल.

कशाने बिघडतो, कशाने नाही

नुकसान होतं ते भागाकार नव्याने झाला तरच. हे पक्कं लक्षात ठेवलं की बऱ्याच शंका मिटतात. जेपेग उघडून पाहिला, कॉपी केला, पेनड्राइव्हवर टाकला, नाव बदललं, झिपमध्ये घातला, तर भागाकार होत नाही आणि एक बाइटही बदलत नाही. हजार वेळा पाहून फोटो ‘झिजत’ नाही.

एडिट करून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केला, तर होतो. पण इथेही एक बारकावा आहे. वरच्या उदाहरणात २०१ चे २०२ झाले. त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच क्वालिटीला, काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केलं तर ५९२ ला १६ ने भागून बरोबर ३७ येतात, नवी चूक होत नाही. त्यामुळे नुसतं पुन्हापुन्हा सेव्ह केल्याने होणारी झीज पहिल्या काही वेळांतच जवळजवळ थांबते. घात होतो तो मध्ये काहीतरी बदललं की. डावीकडून ३ पिक्सेल कापले, तर ठोकळ्यांची जाळी तीन घरं सरकते, प्रत्येक ठोकळ्यात वेगळेच ६४ ठिपके येतात आणि सगळे भागाकार पहिल्यापासून. आकार बदलला, किंचित तिरका फिरवला, उजेड वाढवला, दुसऱ्या क्वालिटीला सेव्ह केला, तरी तेच. आधीच्या ठोकळ्यांच्या कडासुद्धा आता चित्रातला ‘तपशील’ म्हणून मोजल्या जातात. म्हणून एडिटिंग चालू असेपर्यंत प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलमध्ये, टिफमध्ये किंवा पीएनजीत काम ठेवा आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच काढा. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका, वेगळ्या नावाने करा.

फोटो ९० अंशांत फिरवण्याचा एक बिनतोट्याचा मार्ग आहे. ठोकळे न उलगडता त्यांच्या जागा आणि नक्ष्यांचे आकडे फिरवता येतात. जेपेगट्रॅनसारखे प्रोग्रॅम हे करतात. अट एवढीच की ४:२:० मध्ये रुंदी आणि उंची १६ ने भाग जाणारी हवी. ४०३२ बाय ३०२४ ला ती जाते, ४००० बाय ३००० ला जात नाही, कारण ३००० भागिले १६ म्हणजे १८७.५. अशा फोटोत कडेच्या ८ ओळींचा प्रश्न उरतो, आणि प्रोग्रॅम त्या कापतो किंवा चुकीच्या जागी ठेवतो. फोनच्या गॅलरीत फिरवताना मात्र बहुधा चित्राला हातच लागत नाही, फाइलमधल्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत साठवलेल्या तपशिलांत) ‘असा धरून दाखवा’ एवढी नोंद होते. तोच फोटो दुसऱ्या ठिकाणी आडवा दिसला तर त्या ठिकाणी ती नोंद वाचली जात नाही, असं समजा.

मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो पाठवला की दोन्ही घाव एकदम बसतात. समजा लांब बाजू ४००० वरून १६०० वर आली; १ कोटी २० लाख ठिपक्यांतले १९ लाख २० हजार उरले, म्हणजे १६ टक्के. त्यावर पुन्हा बऱ्यापैकी कमी क्वालिटीचा भागाकार. स्क्रीनवर बघायला हे चालतं, छपाईला नाही. ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने ४००० बाय ३००० चा फोटो सुमारे १३ बाय १० इंच छापता येतो, तर १६०० बाय १२०० चा जेमतेम ५ बाय ४ इंच. फोटो छापायचा असेल किंवा पुढे एडिट करायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ किंवा ‘फाइल’ म्हणून जोडा. मग तो न बदलता जातो. त्यात एक्झिफही जातं आणि फोटो काढल्याची जागा त्यात असू शकते. अनोळखी माणसाला पाठवताना ती आधी काढून टाका.

स्क्रीनशॉटला जेपेग लावू नका

अक्षराची कड म्हणजे पांढऱ्यावरून एकदम काळ्यावर उडी. अशी उडी बनवायला जवळजवळ सगळ्या नक्ष्या लागतात, बारीकसुद्धा. बारीक नक्ष्या भागाकारात शून्य झाल्या की उरलेल्या नक्ष्यांच्या लाटा उघड्या पडतात. अक्षराभोवती धुळीसारखे करडे ठिपके दिसतात ते यामुळे, आणि ते ८ बाय ८ च्या ठोकळ्याच्या आतच असतात हे मोठं करून पाहिलं तर स्पष्ट दिसतं. स्क्रीनशॉट, आलेख, तक्ते, नकाशे यांना पीएनजी वापरा. सपाट रंगाच्या लांब ओळींची घडी पीएनजी फार छान घालतो, त्यामुळे अशा चित्रांची फाइल अनेकदा जेपेगपेक्षा लहानही होते. फोटोला मात्र पीएनजी लावला तर फाइल कित्येक पटींनी मोठी. आणि खराब जेपेगचं पीएनजी करून काही सुधारत नाही, फक्त खराबी आहे तशी जपली जाते.

फोटो ५० केबीत बसवायचा असेल तर

अपलोडची मर्यादा ५० केबी आहे असं धरू. ५० केबी म्हणजे ५१,२०० बाइट, म्हणजे एका बाइटचे ८ बिट धरून ४,०९,६०० बिट. १ कोटी २० लाख ठिपक्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०३४ बिट. मूळ ठिपक्याला २४ बिट होते. एवढ्यात जेपेग काहीच करू शकत नाही, क्वालिटी १ केली तरी चौकोनांचा चिखलच होणार. आता फोटो आधी ६०० बाय ४५० करा. ठिपके २ लाख ७० हजार, प्रत्येकाला दीड बिट. रंगीत फोटोला ठिपक्यामागे दीड ते दोन बिट मिळाले तर मूळ आणि जेपेग सहसा ओळखू येत नाहीत. पाऊण ते दीड बिटांत उत्तम दिसतो. पाव बिटाखाली उघडच खराब.

क्रम असा ठेवा. मूळ फोटोची प्रत घ्या. हवा तेवढा भाग कापा. रंगांचं प्रोफाइल (कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग, ही नोंद) एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचं सर्वसाधारण, करून घ्या. हे न करता प्रोफाइल पुसलं तर रंग फिके पडतात. लांब बाजू ६०० च्या आसपास आणा. लहान करताना कडा मऊ होतात, म्हणून अगदी थोडं शार्पन. मग एक्झिफ आणि फाइलमध्ये दडलेलं लघुचित्र काढा, ते सहज काही केबी खातं. शेवटी ८५ पासून सुरुवात करून मर्यादेत बसेपर्यंत क्वालिटी पाच-पाचने उतरवा, दर वेळी आधी सेव्ह केलेल्या जेपेगवरून न करता त्याच लहान केलेल्या चित्रावरून. ६५ च्या खाली जावं लागलं तर थांबा आणि पिक्सेल आणखी कमी करा. फाइलमधला ‘डीपीआय’ बदलून केबी कमी होत नाहीत, ती फक्त छपाईसाठीची नोंद आहे.

तपासताना फोटो १०० टक्के झूमवर बघा, स्क्रीनमध्ये मावेल असा नको. आकाश किंवा भिंत, केसांची कड, अक्षरं आणि गडद लाल कापड, एवढ्या चार जागा पुरतात.

नवे प्रकार

२०१० चा वेबपी, आयफोनने २०१७ पासून घेतलेला एचईआयसी आणि २०१९ चा एव्हीआयएफ हे व्हिडिओच्या तंत्रातून आले आहेत. ठोकळे लहानमोठे घेता येतात, शेजारच्या ठोकळ्यावरून अंदाज बांधता येतो, त्यामुळे त्याच दर्जाला फाइल लहान होते. कमी क्वालिटीला ते वेगळ्या प्रकारे बिघडतात: चौकोन कमी, पण त्वचा मेणासारखी गुळगुळीत. वेबपीच्या तोट्याच्या प्रकारात रंग नेहमी चारास एकच असतो, लाल अक्षरांना तो वाईट. जुन्या जेपेगचा संग्रह या प्रकारांत बदलून जागा वाचवू नका, प्रत्येक फोटोवर दुसऱ्यांदा टाकाटाक होते. जेपेग एक्सएल याला अपवाद आहे. तो जेपेगचे भागलेले आकडे तसेच ठेवून फक्त घडी नव्याने घालतो, फाइल साधारण २० टक्के लहान होते आणि हवा तेव्हा मूळ जेपेग बाइटन् बाइट परत मिळतो. मात्र तो सगळीकडे उघडत नाही, त्यामुळे आधी आपल्या साधनांत तपासून घ्या.

खराब झालेल्या फोटोतले चौकोन काढणारे एआयचे प्रोग्रॅम आता सहज मिळतात. ते गेलेले आकडे शोधून आणत नाहीत. वरच्या केसांच्या उदाहरणात शून्य झालेल्या ४० ची कुठेच नोंद नसते, मग ते इतर लाखो फोटोंवरून शोभेल असं काहीतरी भरतात. घरातल्या जुन्या फोटोला ते चालेल. कागदपत्र, गाडीची नंबरप्लेट, एक्स-रे यांना कदापि नको, कारण पुसट ३ चा सुरेख, स्वच्छ ८ झालेला कुणाला कळणारही नाही. अशा वेळी ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.